'स'चा शब्द

समोरचा दात पडला आणि माझा 'स' गेला, तेव्हाची गोष्ट. बोललो की नुसती हवा निघायची. लोक हसायचे. मी बोलणंच सोडलं.

वसमतचा डॉक्टर म्हणाला, "बाबा, ब्रिज करू. बाजूचे दोन दात घासून त्यांच्या आधारानं मधला बसवू."

"चांगल्या दातांना काहून घासता?"

"मग इम्प्लांट. हाडात स्क्रू रोवायचा, चार महिने पक्का होऊ द्यायचा, मग त्यावर दात."

"रोवा. आमची हळद नऊ महिने घेते."

ते महिने धुक्यातून चालल्यासारखे गेले. बांधावर गप्प बसायचो. हळदीची पानं हलायची आणि वाटायचं, आपल्या तोंडातही काहीतरी उगवून राहिलंय.

दात बसला तेव्हा खुर्ची मागे कललेली, माझे डोळे जड झालेले. डॉक्टर म्हणाला, "आता 'स'चा एखादा शब्द म्हणा."

"सरस्वती."

ते माझ्या बायकोचं नाव. आमच्यात नवरा बायकोला नावानं हाक मारत नाही. पन्नास वर्षांत मी ते एकदाही उच्चारलं नव्हतं.

ती सोबत आली होती, दाराजवळच्या बाकावर बसलेली. तिनं पदर पुढे ओढला.

"मला वाटलं," ती म्हणाली, "तुमाला ठाऊकच न्हाई."