ती फळी भिंतीवर नको

जमलेल्या सगळ्यांना नमस्कार. ब्रेडाहून, अ‍ॅमस्टरडॅमहून तुम्ही गाड्या बदलत इथे रायस्वाइकला आलात. मला चार माणसांत बोलायची सवय नाही. आमचे हे झोपेतच गेले, कुणाला काही सांगितलं नाही. अडखळले तर सांभाळून घ्या.

ह्यांच्याबद्दल सगळे चांगलं बोललात. मी माझ्या सवतीबद्दल बोलणार आहे.

हसलात तरी चालेल. ती मागे दाराजवळ भिंतीला टेकून उभी आहे. हे आमचे शेजारी हेंक, युरो येऊन इतकी वर्षं झाली तरी गुल्डनमध्ये भाव सांगणारे. त्यांच्या वडिलांचा हा सर्फबोर्ड, लाटांवर स्वार व्हायची फळी. हेंकच्या शेडमध्ये सायकलींमागे पडलेला, मधोमध तडा गेलेला. आमचे हे तो बघून घरी आले आणि म्हणाले, "अगं, वडिलांची आठवण आहे त्यांच्या. दुरुस्त होईल." ह्यांना पोहता येत नव्हतं. समुद्रात घोट्याच्या वर कधी गेले नाहीत. तरी तेव्हापासून प्रत्येक शनिवार त्या फळीचा.

जुना रंग खरवडायचा. तडा भरायचा. चिकट रेझिनचा थर द्यायचा, वाळला की पॉलिश पेपरने घासायचा, पुन्हा थर. मग डोळे मिटून तळवा फिरवत बसायचे, कुठे उंचवटा लागतो का बघत. एकदा मी म्हटलं, "माझ्या पाठीवरून इतक्या मायेनं हात फिरवलात का कधी?"

"तुला कुठे तडा गेलाय?"



हे आणि हेंक काम करताना डचमध्ये बोलायचे. मला राहवेना. लायब्ररीतून लहान मुलांची पुस्तकं आणून मी आपली आपण डच वाचायला शिकले. एक दिवस रेझिनचा डबा हातात घेऊन म्हटलं, "खिडकी उघडी ठेवा, असं लिहिलंय यावर." हे माझ्याकडे बघतच राहिले. फळीकडे बघायचे ना, तसे.

दसऱ्याला तर कहर. पुण्यात गाडीची, हत्यारांची करतो तशी ह्यांनी तिची पूजा केली. वरचा थर ओला आहे हे विसरले. कुंकू रेझिनमध्येच बसलं, निघेना. हेंक म्हणाले, "राहू दे. आता तुझ्या बायकोसारखी दिसते." माझ्यासमोर म्हणाले.

परवा हेंक तिला घेऊन दारात आले. "सतीशचे हात आहेत यात. तुमच्याकडे राहू दे." माझे दीर म्हणाले, "वहिनी, दादाच्या फोटोशेजारी लावू भिंतीवर."

नको. जन्मभर ती त्यांच्या शेजारी आणि मी समोर खुर्चीत? मला सोसायचं नाही ते.

हेंक, माझी लेक मुग्धा तुम्हाला हे डचमध्ये सांगते आहे, नीट ऐका. फळी तुमच्या घराण्याची. तुमच्या नातीला द्या, ती पोहते. स्खेवेनिंगनच्या समुद्रात, लाटांत जाऊ दे फळीला. ह्यांनी ती भिंतीसाठी केली नव्हती. फक्त फळीची मागची, शेपटाकडची बाजू घासायची राहिली आहे. तिला तुम्ही हात लावायचा नाही. ती मी घासणार. ह्यांचं राहिलेलं काम दुसऱ्या कुणाच्या हातून पुरं झालेलं मला बघवणार नाही.

आता मिनिटभर सगळे उभे राहू या. त्यांच्याशी मनातल्या मनात जे बोलायचं ते बोला. काय बोललात, ते मी विचारणार नाही.