न धुतलेली पात

माझं लग्न कुणी जमवलं, माहितीये? जंतांनी. हसू नका, खरं सांगतेय.

नरडाण्याची मंडळी मला बघायला भडगावला आली, तेव्हा नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मळ्यातच भरताचा बेत केला. सोबत कांद्याची पात, तिथल्या तिथे उपटलेली. मी ती धुवायला निघाले, तर नाना सगळ्यांदेखत ओरडले, "ठेव ती! आपलीच माती शे, काही व्हत नई!" आणि धोतराला पुसून स्वतः वाढत सुटले.

दोन महिने झाले तरी नरडाण्याहून निरोप येईना. आला तो नानांच्या पोटात मुरडा. डॉक्टरांनी तपासलं, न धुतलेल्या पातीची गोष्ट ऐकली आणि सांगितलं, "जंत झालेत. मळ्याच्या बांधावर सकाळी कोण बसतं हो?"

"अर्धं गाव," नाना पुटपुटले.

"मग जंतांची अंडी त्या मातीतूनच पोटात गेली. ज्यांनी ज्यांनी ती पात खाल्ली, त्या सगळ्यांना गोळी द्या."

सगळ्यांना म्हणजे पाहुण्यांनाही! आई म्हणाली, "झालं, मोडलं लग्न." नाना गोळ्या खिशात घालून, बिचारे मान खाली घालून नरडाण्याला गेले. मुलाच्या वडिलांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग उठले आणि कोनाड्यातून त्याच गोळ्यांचं पाकीट काढून नानांपुढे ठेवलं.

"तुमचा आहेर केव्हाच पोचला, नाना. आता पात धुवायला निघाली होती ना, ती पोरगी तेवढी आम्हाला द्या. तुमच्या घरात शहाणी ती एकटीच दिसते."