मधासंगं त्येचं नाव

माजं म्हायेर गगनबावड्याकडं, पार रानात, आमचा बा मोहोळं काढायचा, म्हंजे नाचण्याची शेती हुती थोडी पण ओढ त्येला रानाची, आन् घरात कुणाला खोकला झाला की आल्याचा रस आन् मध, तोंड आलं की मध, कापलं-खरचटलं की मध, दुसरं औषध आमाला ठावंच न्हाय, त्या पावसात डॉक्टरकडं जायला वाट तरी कुठं हुती. घरातल्या माठाला हात लावायचा न्हाय असा बाचा दम हुता, पण आमी पोरी बोट बुडवायचोच की.

मग मला कोडोलीला दिली. घर मोठं, दांडगा ऊस, सोताचं गुऱ्हाळ. बा म्हणाला पोरगी गुळात पडली. काय सांगू तुमास्नी, खरंच पडलो असतो तर बरं झालं असतं. नवरा दिसायला चांगला, चारचौघात गोड बोलायचा, आन् घरात आला की हात चालायचा. तुमी इचारताय मारायचा काय, मारायचा की, रोज मारायचा, पण बाईला मारलं ह्येला तवा कोण मारणं म्हणत हुतं?

ते साल पंच्याण्णव न्हायतर शहाण्णव आसंल. गुऱ्हाळ चालू हुतं, गड्यांची भाकरी घिऊन मी गेलतो. बा आजारी हाय असा सांगावा आलता, म्हणून मी नवऱ्याला म्हटलं मी दोन दिस जाऊन येतो. न्हाय म्हणाला. मी म्हटलं जाणार. गडी बघत हुते, गूळ शिजवणारा गुळव्या कायलीपाशी उभा, आन् त्येंच्यासमोर बायको जाणार म्हणाली ह्ये त्येला सोसलं न्हाय बगा. कायलीतला उकळता रस पळीनं उचलला आन् माज्या अंगावर फेकला. मी हात आडवा धरला म्हणून तोंड वाचलं. तो रस पाण्यावाणी ओघळून जात न्हाय पावणं, चिकटतोय. कोपरापासनं मनगटापातुर चिकटला.

दवाखान्यात नेलं, त्ये नेलं, खोटं बोलत न्हाय. तितं पोलीसपाटील आला. आत्ती, म्हंजे माजी सासू, म्हणाली पाय घसरला तिचा. नवरा म्हणाला पाय घसरला. गुळव्याला इचारलं तर म्हणाला मी इस्तवाकडं बघत हुतो. सगळ्यांचं एकच, पाय घसरला, आन् मी वराडतोय तर म्हणं तिला ताप हाय, ती बरळतीया.

मग म्हायेरात आणून टाकली. बरी झाली की नेतो म्हणाला, त्यो गेला त्यो गेलाच. मोठी आग डॉक्टरांनी निभावली हुती, पण एका जागी जखम भरंना, सारखी लस यायची. आयनं डॉक्टरला इचारलं मध लावू काय, ते म्हणाले लाव, पण स्वच्छ ऱ्हाऊ दे आन् दावायला येत जा. आय पाणी उकळून गार करायची, जखम धुयाची, उकळून वाळवलेल्या धोतराच्या फडक्यावर मध घिऊन बांधायची. पयल्यांदा चरचरायचं, मग गार वाटायचं. फडकं सुटताना कातडं ओढायचं न्हाय. हळूहळू भरली. हात भरत हुता आन् माज्या डोसक्यात एकच, त्येला त्याच कायलीत ढकलायचा. रोज ढकलायचो मी त्येला, मनात.

तवर कानावर आलं, त्यो दुसरी बघतोय. पयली येडी हुती, पळून गेली, आसं सांगत फिरतोय. येडी!

माजी मावशी जोतिबाला नारळ-गुलाल इकायची. तिनं आपल्या दुकानाच्या कडंला मला जागा दिली, बा तवर बरा हून रानात जाया लागलता, त्येचा मध घिऊन मी बसलो. पयल्याच दिशी एक बाई म्हणाली, मध खरा हाय काय गं, कशाला चालतोय? मी हात म्होरं केला, म्हटलं ह्यो ह्येच्यानं भरलाय. ती म्हणाली आगं बाई, कशानं भाजलं? आन् माज्या तोंडातनं त्येचं नाव गेलं. नाव, गाव, गल्ली, सगळं. काय मोकळं वाटलं म्हणून सांगू!

तवापासनं तसंच. खोकल्याला आल्याबरूबर घ्या, तान्ह्या पोराला चाटवू नगा, डॉक्टर नगं म्हणत्यात, मोठं भाजलं तर आदी दवाखाना गाठा, आन् ह्यो माजा हात बगा, ह्यो अमक्यानं भाजला. एकदा वारणेकडची एक बाई लेकीला घिऊन आलती. नाव ऐकलं आन् हातातली बाटली खाली ठेवली. म्हणाली कोडोलीचाच न्हवं? म्हटलं व्हय.  तिच्या लेकीची सुपारी फुटली हुती त्येच्यासंगं. लेकीचा हात धरून माज्या हातावर ठेवला, म्हणाली नीट बघून घे. लगीन मोडलं. म्होरं आनिक एक मोडलं. मग कुणी पोरगी दिईना.

तवा आली दोगं मायलेकरं दुकानावर. त्यो म्हणाला, ह्ये कवापातुर चालायचं? मी म्हटलं, आत्ता बंद करतो. हितं पायरीवर हुबा ऱ्हा, आन् सगळ्यास्नी ऐकू जाईल आसं सांग, हात कशानं भाजला. त्यो चार पावलं मागं सरला. आत्ती म्हणाली, माज्या लेकाचं वाटोळं केलंस. मी म्हटलं, न्हाय वो आत्ती, पाय घसरला त्येचा.

बा गेला, आय गेली, आता चुलतभाऊ मध आणतोय, मावशीचं दुकान माज्या नावावर हाय. त्या नवऱ्याचं केस पांढरं झाल्यात, म्हातारी अंथरुणाला, चूल सोताच पेटवतोय म्हणं. वाईट वाटतंय काय इचारताय? न्हाय. तीळभर न्हाय.

तुमी म्हणताय लिवताना त्येचं नाव घालायचं न्हाय. नगा घालू. ज्येला पायजे त्येनं दुकानावर यावं.

जोतिबा तुमाला औक्ष देऊ दे पावणं, लेकरं-बाळं सुखी ऱ्हाऊ देत. आन् त्येलाबी औक्ष देऊ दे, लई देऊ दे. कुलदैवत हाय त्येचं, दरसाल चैतात यावंच लागतंय त्येला, आन् वाट माज्या दुकानावरनं जाती.