टीव्हीतली कोपी

बंकट : म्हंजे टीव्हीवाले आले तवा बी हा फ्रीज घरातच होता म्हणता?

चंद्रभागाबाई : मग काय तुमी येणार म्हणून कुणाचा मागून आणलाय व्हय? दार उघडून बगा. आत कालचं वरण बी हाय.

धर्मराज : त्याच्यावर वाकळ टाकल्ती, पाव्हणं. वाकळ, आन् वरून ज्वारीची पोती. त्या टीव्हीवाल्या संस्कृती मॅडम म्हणल्या, काका, हे झाका, शहरातल्यावाणी दिसतंय.

बंकट : आन् गॅस?

धर्मराज : शेजारी छबुबाईच्यात नेऊन ठिवल्ता.

बंकट : प्रविणरावांची मोटारसायकल?

चंद्रभागाबाई : कडब्याच्या गंजीमागं. इचारा, अजून काय काय इचारायचं ते. संडासाचं बी इचारा. त्याच्या दाराला कापसाच्या पऱ्हाट्या लावून उभ्या केल्या, आन् मला म्हणल्या, काकू, टमरेल घेऊन बांधाकडं चालत जा, सूर्य छान बुडायलाय.

बंकट : आता स्पष्ट बोलतो, राग मानू नका. मी वर्षाराणीचा मामा. ही सोयरीक मीच जमवली. तेलगावात चारचौघांत सांगितलं, चकलांब्याचं स्थळ हाय, पोराचं गेवराईत मोटारपंप दुरुस्तीचं दुकान हाय, स्लॅबचं घर हाय. सुपारी फुटली. आन् परवा सगळं गाव टीव्ही बघायलंय, तर जावई उघडा, अनवाणी, औत हाणायलाय! सासू तीन दगडांच्या चुलीवर फुंकायलीय! आन् घर म्हणून काय, तर उसाच्या पाचटाची कोपी! दाजींनी टीव्हीच बंद केला. बहीण माझी रडायला लागली. म्हणली, बंकट, माझी लेक तू ऊसतोडीच्या टोळीत दिलीस का रं?

धर्मराज : औत बी आमचं न्हवतं हो. बैलं रामहरीची. आमच्या प्रविणला जू कुठून बांधतेत ते बी ठावं न्हाई. त्यानं कुठं बैलं हाणली, बैलांनीच त्याला फिरवून आणलं.

चंद्रभागाबाई : हसू नका.

धर्मराज : हसत न्हाई, सांगायलोय.

चंद्रभागाबाई : तुमीच त्यांला दारात आणलं. पारावर जाऊन मिशीला पीळ देत सांगत होते, आमच्या घरावर कार्यक्रम निघणार म्हणून.

धर्मराज : अगं, पाव्हणी माणसं ती. म्हणली, ‘धरणीमायची लेकरं’ असा कार्यक्रम हाय, निसर्ग जपून राहणाऱ्या लोकांचा. दारात आलेल्या माणसाला न्हाई कसं म्हणावं? म्हणले गॅस झाका, झाकला. म्हणले चपला काढा, काढल्या.

चंद्रभागाबाई : धोतर फेडा म्हणले असते तर?

बंकट : बाई, बाई... असू द्या. पर कोपीचं काय? ती तर मी आत्ता येताना बघितली अंगणात. ती तर खरीच हाय.

चंद्रभागाबाई : त्यांनीच उभी करायला लावली. पाचट टेम्पोत भरून आणलं! धरणीमाय जपायला निघालेत, आन् पाचटासाठी टेम्पो फिरवतेत. म्हणल्या, काकू, तुम्ही ऊसतोडीला जायच्या तेव्हा ज्यात राहायच्या, अगदी तशीच करा. केली. हातांला सवय हाय. मन म्हणत होतं नको, पर हात कुठं ऐकतेत.

बंकट : टीव्हीत तर तो बोलणारा म्हणला, ‘या घराला सिमेंट लागत नाही, वीज लागत नाही. हे लोक निघून जातात तेव्हा मागे काही उरत नाही. जगानं यांच्याकडून शिकावं.’

चंद्रभागाबाई : शिकावं की! त्यानं बी शिकावं. पूस म्हैन्याच्या थंडीत नदीकाठच्या फडावर बायको-लेकरं घेऊन एक हंगाम काढावा. पाचटातनं वारं कसं अंगावर येतं, ते शिकावं. मागं काही उरत न्हाई म्हणं! काय उरतं ते मला इचारा.

धर्मराज : जाऊ दे, प्रविणची माय.

चंद्रभागाबाई : कावून जाऊ दे? लई दिवस जाऊ दिलं. पाव्हणं, आमी कर्नाटकात तोडीला गेलतो. नवीनच लगीन झालेलं. तिथं कोपीत पोरगी झाली मला. नाव ठिवायच्या आत गेली. थंडीनं. रातभर पोटाशी धरल्ती, तरी गार पडत गेली. सकाळी मुकादम म्हणला, गाडी भरून द्यायचीय. ह्यांनी बांधाला खड्डा खांदला, आन् दुपारी मी उसाच्या मोळ्या बांधत होते. त्या मॅडमनं इचारलं, काकू, कोपीची एखादी आठवण सांगा. म्या ही सांगितली. मॅडमच्या बी डोळ्यांत पाणी आलं. माझा हात धरून बसल्या. मला वाटलं, बरं झालं बाई, कुणीतरी ऐकलं. आन् टीव्हीत काय दाखवलं?

बंकट : तुमी रडताना दाखवल्या.

चंद्रभागाबाई : आन् माझं बोलणं?

बंकट : बोलणं न्हवतं.

चंद्रभागाबाई : मग वरून काय म्हणत होता तो मेला?

बंकट : ‘मातीची आठवण निघाली, की या माऊलीचे डोळे भरून येतात.’ ...बासरी बी होती.

चंद्रभागाबाई : बासरी! माझ्या लेकीच्या मढ्यावर बासरी वाजवली बगा! थू! शिसारी आली मला. खोटं बोलतेत लोकं, आमी बी बोलतो. पर दुसऱ्याचं रडं उचलून त्याला गूळ लावून इकायचं? कुण्या आईनं जन्म दिला असंल ह्यांला!

बंकट : ऐकून वाईट वाटलं, बाई. खरंच वाटलं. पर लोकांनी बघितलं ते बघितलं. आता काय घरोघर जाऊन सांगत बसू, वाकळीखाली फ्रीज होता म्हणून? आमच्या बी इज्जतीचा सवाल हाय. ही घ्या. कुंकवात तुमी पोरीला घातलेली साडी. दाजींनी माघारी दिलीय.

चंद्रभागाबाई : असं करू नका हो, पाव्हणं. पाया पडते तुमच्या. पोरीला पोरगा पसंत हाय, पोराला पोरगी. किती उंबरे झिजवले आमी ह्या सोयरिकीआधी! ऊसतोड्याचं पोरगं म्हणून लोकांनी पाणी सुदिक इचारलं न्हाई. त्या पोरानं आमच्यावाणी कोयता धरू नये म्हणून शिकवलं, दुकान घालून दिलं. आता कुठं घर बसायलंय त्याचं. दाजींला घेऊन या. भिंतीला हात लावून बघू द्या. फरशीवर बसू द्या.

बंकट : दाजी येत न्हाईत आता.

धर्मराज : थांबा, फोन वाजायलाय. ...त्याच मॅडम हायत.

चंद्रभागाबाई : उचलू नका.

बंकट : उचला! स्पीकरवर टाका. कशी खरडपट्टी काढतो बगा एकेकाची. पोरीबाळींचे संसार मोडता काय, म्हणाव!

संस्कृती मॅडम (फोनवर) : काका! कसे आहात? एपिसोड काय आवडलाय सगळ्यांना! काकूंचा तो रडतानाचा क्लोजअप तर लोक पुन्हा पुन्हा बघताहेत.

धर्मराज : मॅडम, तुमच्या कार्यक्रमापायी आमच्या पोराचं लगीन मोडायलंय.

संस्कृती मॅडम : लग्न? प्रविणचं लग्न ठरलंय? अहो काका, हे तर अमेझिंग आहे! आमचा नवीन शो येतोय, पर्यावरणपूरक लग्नांचा. डीजे नाही, जनरेटर नाही, प्लास्टिक नाही. अंगणातली ती कोपी आहे ना अजून?

धर्मराज : हाय.

संस्कृती मॅडम : मोडू नका हं! नवरी बैलगाडीतून येईल आणि तिचा गृहप्रवेश थेट कोपीत. किती ऑथेंटिक दिसेल!

बंकट : हॅलो. नमस्कार, मॅडम. मी बंकट बोलायलोय. नवरीचा मामा. स्पष्ट इचारतो, राग मानू नका... हे लगीन सगळ्या महाराष्ट्रात दिसंल का?

संस्कृती मॅडम : महाराष्ट्रात काय, बाहेरही दिसेल, मामा! आणि मामांचं काम तर महत्त्वाचं. तुमची वेगळी मुलाखत घेऊ आपण.

बंकट : मुलाखत? माझी? न्हाई, म्हंजे मी थोडंफार समाजकार्य बी करतो. यंदा पंचायत समितीला उभं राहावं असा कार्यकर्त्यांचा आग्रह हाय. तेवढं त्यात बोलता येईल का?

संस्कृती मॅडम : नक्की! ग्रामीण नेतृत्व आणि पर्यावरण. फक्त फेटा हवा, मामा. आणि पाय अनवाणी.

बंकट : अनवाणी? ...जमंल की. त्यात काय, आमी मातीतलीच माणसं.

चंद्रभागाबाई : पाव्हणं, साडी परत पिशवीत कावून घालायलात?

बंकट : आता कशाला माघारी द्यायची? दाजींचं मी बघतो. टीव्हीवर लगीन म्हणल्यावर दाजी नाचत येतेत का न्हाई बगा.

चंद्रभागाबाई : परवा टीव्हीत हीच कोपी बघून तुमची बहीण रडायली होती.

बंकट : ते खरी कोपी समजून. आता ही कार्यक्रमाची हाय ना!

संस्कृती मॅडम : काकू, तुम्ही आहात का तिथे? तुम्हाला एकच छोटी विनंती. सून कोपीत पाऊल टाकेल ना, तेव्हा तुमचे डोळे भरून यायला हवेत. त्या दिवशी आले होते तसे. तुमच्या त्या बाळाची आठवण काढा, म्हणजे आपोआप येईल. मी जवळच उभी असेन.

(चंद्रभागाबाई पुढं झाली. तिनं नवऱ्याच्या हातातून फोन घेतला, कट कसा करायचा ते तिला चटकन कळेना, तो तिनं दाबून दाबून कट केला आणि ज्वारीच्या पोत्यावर पालथा टाकला.)

चंद्रभागाबाई : साडी द्या इकडं.

बंकट : अहो, राहू द्या की...

चंद्रभागाबाई : द्या म्हणते ना! सोयरीक मोडली.

धर्मराज : अगं, डोकं ठिकाण्यावर हाय का? पोराचं वय निघून चाललंय. दोन दिसांचा खेळ हाय. करून मोकळं होऊ.

चंद्रभागाबाई : खेळ? बांधाला खड्डा तुमी खांदला होता ना? तुमच्या हातानं? आन् तुमाला खेळ वाटायलाय?

धर्मराज : ...तसं न्हाई म्हणलो मी.

बंकट : बाई, रागाच्या भरात घात करून घेऊ नका. आत्ता माझ्या पाया पडत होत्या तुमी.

चंद्रभागाबाई : पडत होते. पोरगी मला अजून बी पाहिजे, पाव्हणं. लई गुणाची हाय. आजसुदिक तिनं म्हणावं, येते, आन् तुमी तो कॅमेरा सोडून या, तर ह्याच घरात, ह्याच फरशीवर पाच माणसांत अक्षता टाकू. पर माझी सून त्या कोपीत पाय टाकणार न्हाई. त्यातनं भाईर पडायला माझं उभं आयुष्य गेलंय. खोटी असली म्हणून काय झालं?

बंकट : मॅडमला मी शब्द दिलाय.

चंद्रभागाबाई : मग झालं तर. त्यांलाच इवाई-सोयरे करा.

बंकट : लोकांला काय सांगू मी? कावून मोडली म्हणून सांगू?

चंद्रभागाबाई : सांगा, सासू खोडीची निघाली. पोरगी वाचली म्हणतेल लोकं. चहा घेऊन जा.

बंकट : नको. चहा नको. ...धर्मराजराव, तुमी तरी समजवा ह्यांला. मी स्टँडवर थांबतो थोडा वेळ. गाडी यायला अवकाश हाय.

धर्मराज : या, पाव्हणं. ...गेला. गेला गं तो.

चंद्रभागाबाई : जाऊ द्या.

धर्मराज : परत असं घर मिळायचं न्हाई. ठावं हाय ना तुला?

चंद्रभागाबाई : ठावं हाय.

धर्मराज : हे बघ, परत फोन. प्रविणचा हाय. त्याला वाटलं असंल तारीख ठरली. मी न्हाई उचलत. माझ्याच्यानं सांगवायचं न्हाई.

चंद्रभागाबाई : आणा इकडं. ...हां, प्रविण. जेवला का? ...व्हय, गेले पाव्हणे. सोयरीक मोडली, बाळा. ...न्हाई, त्यांनी न्हाई. म्या मोडली. ...ओरडू नको, ऐक. दुकान बंद कर आन् घरी ये. कावून ते असं फोनवर सांगायचं न्हाई. तुझ्या आधी एक बहीण होती तुला.