चौथ्या गाण्यातली तार

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे मान्यवर पाहुणे, रेकॉर्डिंगवाले भाऊ, आणि आपापली कामं टाकून आलेल्या रसिकहो, सर्वांना माझा नमस्कार.

आज माझ्या दोन मुलांच्या बँडला आपण निरोप देतो आहोत, आणि चार शब्द आईने बोलावेत असं ठरलं. मी मॅट्रिक झालेली, घर सांभाळणारी बाई. मला संगीतातलं काय कळणार? ड्रम आणि विजेच्या गिटारी होत्या तोवर मी दार लावून पोथी वाचत बसायचे. एवढ्या गोंगाटात देवाला तरी काय ऐकू जात असेल?

मग हा शेवटचा अल्बम झाला. छोटं सभागृह, समोर माणसं, दोन साध्या गिटारी आणि दोन गळे. नंतर काही खोडायचं नाही, काही जोडायचं नाही. मी म्हटलं, "बरं झालं, तेवढीच वीज वाचली." धाकटा म्हणाला, "आई, आमची पहिली दाद तुझी!"

हा अल्बम लोकांना एवढा का आवडतो? मला वाटतं, त्यात लपायला जागाच नाही. खुर्ची करकरते, ती ऐकू येते. थोरला ओळ उचलण्याआधी श्वास घेतो, तोही. लहानपणी भोकाड पसरण्याआधी अस्साच घ्यायचा. हसू नका, अध्यक्ष महोदय, तुम्हीही घेतच असाल.

चौथ्या गाण्यात गिटारी मध्येच थांबतात. नुसत्या हाताच्या तालावर गाणं चालतं, आणि मग एकच गिटार परत येते. लोक म्हणतात, वा, काय कल्पना! कल्पना कसली? मी समोर बसले होते. धाकट्याची तार तुटली. थोरल्याने आपली गिटार काढून त्याच्या गळ्यात घातली आणि स्वतः मांडीवर ताल धरून गात राहिला. धाकट्याला मागावीही लागली नाही.

तेच दोघं आज या व्यासपीठाच्या दोन टोकांना बसलेत. मध्ये पाहुणे आहेत म्हणून बरं. थोरल्याला पुढच्या वेळी ड्रम परत हवेत. धाकटा म्हणतो, गायचं तर असंच, नाहीतर नाही. एवढ्यावरून बँड मोडला. मी मध्ये पडले, तर थोरला म्हणाला, "तू त्याचीच बाजू घेणार." धाकटा म्हणाला, "तिला काय विचारतोस, ती तुझंच ऐकते." आता आईने जावं कुठे? घरखर्चाचा मेळ मी आजवर बसवत आले, हा काही बसत नाही. देवापुढे हात जोडते, तर काय मागावं तेच सुचत नाही. एकाच्या मनासारखं मागितलं की दुसऱ्याचं मन मोडतं. मग उठून तेच चौथं गाणं लावते.

आयोजकांनी या दोघांचं एवढं कौतुक केलं, त्यांचे मनापासून आभार. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल, तर मोठ्या मनाने पोटात घाला.

आणि तुम्ही दोघं, इथलं आटोपल्यावर एकाच गाडीने घरी या. मी जेवण दोनदा गरम करणार नाही.

करीन म्हणा. माझं काय चालतंय?