पूजेतलं पान बावन्न

मंडळी, ऐका! आज एकच प्रश्न घेऊन उभा आहे. पोराला वाचनाची गोडी लागते कशानं? पुस्तक विकत आणल्यानं? त्याला खाकी कव्हर घातल्यानं? की हळदकुंकू वाहिल्यानं? — माना डोलवू नका, मी अजून काहीच सांगितलेलं नाही!

तर आमच्या गावात शरच्चंद्र टिळेकर नावाचे एक सद्गृहस्थ. पुस्तकांवर भारी भक्ती! चुकून पुस्तकाला पाय लागला, तर ज्याचा लागला त्यानं नमस्कार करायचाच, बघणाऱ्यानंही करायचा. वाचायचं कुणी? — असले अवघड प्रश्न भक्ताला विचारू नयेत.

त्यांची मुलगी ऋजुता, वय वर्षं नऊ. हिनं एक गोष्टीचं पुस्तक वाचायला घेतलं. त्यात एक कोळ्याची पोर, वादळात होडी घेऊन बापाला शोधायला निघालेली. पान बावन्नवर होडी भोवऱ्यात सापडली — आणि इकडे दसरा उजाडला!

"पुस्तक दे," आई म्हणाली, "पूजेत ठेवायचंय."

"आई, होडी बुडेल गं!"

"आज वाचायचं नसतं. उद्या बुडव."

पाटावर पुस्तकांची चळत, वर झेंडू, पुढं समई. टिळेकरांनी फोटो काढला, सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. सत्तावन्न अंगठे आले, मंडळी! त्या घरात पुस्तकांचा एवढा उपयोग पूर्वी कधी झाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळीच पोर पाटाशी हजर. "बाबा, पूजा उचला ना."

"राहू दे गं. साहेब यायचेत बघायला."

साहेब आले. मेहुणे आले. दिवाळी आली, गेली. झेंडूचा पापड झाला! पोर रोज विचारायची, "बाबा, आज उचलायची?" बाबा मोबाइलमधून मान वर न काढता म्हणायचे, "आधी नमस्कार कर." केला, की — "शहाणी माझी! जा आता." हळूहळू विचारणं थांबलं. नमस्कार तेवढा राहिला.

मार्गशीर्षात मला बोलावणं आलं. "बुवा, आमचं ग्रंथवैभव बघायला या. जेवायलाच या!" मी वैभवासाठीच गेलो होतो, मंडळी. बासुंदी आहे हे तिथं गेल्यावर कळलं!

पंगत बसली. पोरीला जवळ बोलावून विचारलं, "काय वाचतेस, बाळ?"

"होडीची गोष्ट. होडी भोवऱ्यात आहे."

"अरे बापरे! मग पुढं काय झालं?"

"पुढं रोज नमस्कार करते."

सगळे हसले. मीही हसलो, आणि दुसरी वाटी मागितली. हसले नाहीत ते एकटे टिळेकर. ताटावरून उठले, हात धुतले, पाटावरचा झेंडू झटकला, खूण घातलेलं पान बावन्न उघडून पोरीपुढं धरलं.

"घे बाळा, वाच. आणि मलाही सांग, होडीचं काय झालं ते."

दोन महिन्यांत बापानं गोष्टीबद्दल विचारलं ते हे पहिल्यांदा!

पोर दोन पावलं मागं सरली. हात जोडले. डोळे मिटले. आणि म्हणाली, "झाला नमस्कार. बाबा, आता मोबाइल द्या ना."

का? आता का हसत नाही कुणी? मघाशी तर छान हसत होता!

बरं, सांगा — तुमच्या घरची होडी कितव्या पानावर अडकलीय? ठाऊक नाही? मग जोडा हात, मंडळी. तेवढं आपल्याला उत्तम जमतं!