दोन पात्यांचं टोक

इथे आखातात, रुवी भागातल्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात माझ्या शेजारी रत्नागिरीकडचं एक जोडपं नंबरची वाट बघत होतं. नवऱ्याच्या उजव्या खांद्याला पट्टा होता आणि हातातल्या मोबाइलवर शिकारीच्या बाणांची टोकं.

"गुलबानू, हे बघ, तीन पात्यांचं! नामिबियात उतरल्यावर हेच घेतो. हरणाला एक लागलं की खलास."

"आणि धनुष्य कुठलं नेताय?"

"माझं नेहमीचं."

"या खांद्याने? काल लोणच्याची बरणी मी उघडून दिली."

"बरं बाई, कमी ताणाचं, हलकं नेतो."

"मग तीन पाती आत जाणार कशी? हलक्या धनुष्याला दोन पात्यांचंच टोक हवं, चांगलं धार लावलेलं."

"हे तुला कोणी शिकवलं?"

"तुम्हीच. लग्न झाल्यापासून जेवताना दुसरं काही बोललात?"

"पण तीनवालं दिसतं कसं झकास!"

"हरीण बघणार आहे का ते? बाण अर्धवट घुसला, तर मुकं जनावर जखम घेऊन रानभर फिरेल."

त्याने मोबाइलवरचं तीन पात्यांचं चित्र बाजूला सरकवलं.

"दोनवालंच घेतो. आणि लांबून मारणार नाही. अगदी जवळ आलं तरच."

"नाही आलं तर?"

"तर फोटो काढून परत येईन."

"दोस्त हसतील."

"हसू देत."

"मग माझंही तिकीट काढा. फोटो तुम्हाला कधी धड जमलेत?"